सभास्थान, मंदिर, मशीद, देऊळ : यहुदी प्रार्थनागृहाचे नाव आणि आपली जबाबदारी



२ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्याकडे गांधीजयंती साजरी होत असताना इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात यहुदी बांधव आपल्या वर्षातील सर्वांत पवित्र दिवस पाळीत होते. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. उपवास, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांत हा दिवस व्यतीत होतो. त्या सकाळी हीटन पार्क हिब्रू काँग्रिगेशन या प्रार्थनागृहाबाहेर एका हल्लेखोराने आधी लोकांच्या अंगावर गाडी घातली आणि मग सुरा चालविला. आतील भाविकांनी दार आतून रोखून धरले, म्हणून तो आत शिरू शकला नाही. दोन भाविकांचा त्या दिवशी मृत्यू झाला. त्यांपैकी एकाला पोलिसांनी हल्लेखोरावर झाडलेली गोळी लागली होती.

ही घटना एकाकी नाही. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे 'ट्री ऑफ लाइफ' या प्रार्थनागृहात शब्बाथाच्या उपासनेला आलेल्या अकरा जणांना ठार करण्यात आले. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, तोही योम किप्पूरचाच दिवस, जर्मनीतील हाल्ले शहरात एका शस्त्रधारी माणसाला प्रार्थनागृहाचे जाड दार फोडता आले नाही. चिडून त्याने बाहेर दोन निरपराध व्यक्तींचा बळी घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे एका यहुदी प्रार्थनागृहाला आग लावण्यात आली.

अशा बातम्या मराठीत वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. कोणी 'सिनेगॉग' लिहितो, कोणी 'ज्यू मंदिर', कोणी 'यहुदींचे चर्च', तर कोणी नुसतेच 'प्रार्थनास्थळ'. ज्या वास्तूवर हल्ला झाला तिला काय म्हणावे, याविषयी आपल्या मनात स्पष्टता नाही. कोणी म्हणेल, माणसे मारली गेली असताना शब्दांचा काथ्याकूट कशासाठी? प्रश्न रास्त आहे. परंतु द्वेषाचा आरंभ बहुधा शब्दापासून होतो, आणि ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही त्या शेजाऱ्याविषयी काहीही खरे मानायला मन लवकर तयार होते. शिवाय या वास्तूचे नाव आपण दर रविवारी शुभवर्तमानात ऐकतो. म्हणून या नावांचा थोडा विचार करू या.

सभा आणि सभास्थान

मराठी बायबलने या वास्तूसाठी 'सभास्थान' हा शब्द स्वीकारला आहे. नासरेथच्या सभास्थानात येशू शब्बाथ दिवशी 'आपल्या परिपाठाप्रमाणे' गेला आणि त्याने यशयाची गुंडाळी उघडून वाचन केले, असे संत लूक सांगतो. कफर्णहूमच्या सभास्थानात त्याने शिकवण दिली. एका रोमी शताधिपतीने हे सभास्थान बांधून दिले म्हणून यहुदी वडीलजन त्याची रदबदली करतात, हेही लूकच नोंदवितो. संत पौल नव्या नगरात पोचला की प्रथम सभास्थान शोधीत असे. फिलिप्पै येथे मात्र तो नदीकाठी प्रार्थनेचे ठिकाण शोधतो. मूळ ग्रीक भाषेत तेथे 'प्रोस्यूखे' असा निराळा शब्द आहे, आणि इजिप्तमधील इसवी सनापूर्वीच्या शिलालेखांत यहुदी प्रार्थनागृहांसाठी तोच आढळतो.

'सिनेगॉग' हा शब्द ग्रीक 'सिनागोगे' पासून आला. त्याचा मूळ अर्थ एकत्र जमणे, जमलेला समुदाय. आधी माणसांची सभा, मग ती भरते ती वास्तू, असा त्याचा प्रवास झाला. हिब्रू भाषेतील नाव 'बेत क्नेसेत', म्हणजे सभेचे घर. आता आपल्या दुसऱ्या शब्दाकडे पाहा. 'चर्च' या अर्थी नव्या करारात 'एक्लेसिया' हा शब्द येतो. त्याचाही अर्थ बोलावून जमविलेली सभा असाच आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इस्राएलच्या मंडळीसाठी हे दोन्ही शब्द वापरले गेले आहेत. इतकेच नव्हे, तर संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात श्रीमंत आणि गरीब यांच्यात भेदभाव करू नका असे सांगताना ख्रिस्ती लोकांच्या जमावालाच मूळ ग्रीकमध्ये 'सिनागोगे' म्हणतो.

मराठीने हे नाते नकळत जपले आहे. आपण स्वतःला 'ख्रिस्तसभा' म्हणवितो आणि त्यांच्या वास्तूला 'सभास्थान'. दोहोंच्या मुळाशी 'सभा' आहे. इंग्रजीत 'चर्च' आणि 'सिनेगॉग' हे दोन परके शब्द वाटतात. मराठीत ते एका घरातले वाटतात. पूर्वसूरींनी हे जाणीवपूर्वक केले की योगायोगाने घडले, हे सांगता येणार नाही; परंतु हा वारसा मोलाचा आहे यात शंका नाही.

सभास्थानात काय होते?

येरुशलेमात १९१३ साली एक ग्रीक शिलालेख सापडला. थेओदोतस नावाच्या सभास्थान-प्रमुखाचा तो आहे. आपण हे सभास्थान नियमशास्त्राच्या वाचनासाठी आणि आज्ञांच्या शिकवणीसाठी बांधले, तसेच परदेशातून येणाऱ्या गरजूंसाठी खोल्या आणि पाण्याची सोय असलेली धर्मशाळा बांधली, अशा आशयाची नोंद त्यात आहे. तो इसवी सन ७० पूर्वीचा, म्हणजे येरुशलेमचे मंदिर उभे असतानाचा असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. वाचन, शिकवण, आतिथ्य : सभास्थानाची ही तीन कामे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली होती.

म्हणूनच यहुदी परंपरेत या वास्तूला तीन हिब्रू नावे आहेत. 'बेत क्नेसेत', सभेचे घर. 'बेत मिद्राश', अध्ययनाचे घर. 'बेत तेफिला', प्रार्थनेचे घर. पूर्व युरोपातील यिद्दिशभाषक यहुदी तिला 'शूल' म्हणत आले, म्हणजे सरळ 'शाळा'. व्हेनिसच्या जुन्या यहुदी वस्तीतील प्रार्थनागृहेही 'स्कोला' म्हणूनच ओळखली जातात. त्यांतील सर्वांत जुने १५२८ सालचे आहे. प्रार्थनागृहाला शाळा म्हणणारा समाज शिक्षणात पुढे का गेला, याचे एक उत्तर या शब्दात दडलेले आहे.

सभास्थानाच्या आत गेल्यावर कॅथलिक माणसाला बरेच काही ओळखीचे वाटते. एका भिंतीत पवित्र कपाट असते. त्यात तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या जपलेल्या असतात. आपले बेने इस्राएल त्याला 'हेखाल' म्हणतात. त्यापुढे अखंड दिवा तेवतो. वाचनासाठी उंच व्यासपीठ असते. आपल्या मिस्सेतील पहिला भाग, म्हणजे पवित्र शास्त्राचे वाचन, स्तोत्र आणि प्रवचन, याची घडण सभास्थानातील उपासनेशी निगडित आहे. तेथे वेदी मात्र नसते आणि बलिदानही नसते. 'रब्बी' हा गुरू असतो, बलिदान करणारा याजक नव्हे. सनातनी परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होऊ शकते. घर नसले तरी चालेल, सभा हवी.

'मंदिर' का नव्हे?

येथे 'मंदिर' या शब्दाचा प्रश्न उपस्थित होतो. यहुदी श्रद्धेत मंदिर एकच : येरुशलेमचे. तेथेच बलिदाने होत, तेथेच याजक सेवा करीत. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने ते उद्ध्वस्त केले. त्यानंतर यहुदी धर्म टिकला तो सभास्थानांच्या आधारे. बलिदानाची जागा प्रार्थनेने आणि अध्ययनाने घेतली. जगातील कोणत्याही नगरात, दहा माणसांनिशी, एका गुंडाळीसमोर उभे राहून हा समाज आपला विश्वास पुढील पिढीला देत राहिला.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील सुधारणावादी यहुदींनी आपल्या प्रार्थनागृहाला 'टेम्पल' म्हणण्यास सुरुवात केली. १८१८ साली हाम्बुर्ग येथे असे एक उघडले. आम्ही जेथे राहतो ती आमची मातृभूमी, तेथील प्रार्थनागृह आमचे मंदिर, असा त्यामागील भाव होता. अमेरिकेत ही नावे आजही रूढ आहेत. रोममधील १९०४ साली पूर्ण झालेले मोठे सभास्थानही 'तेम्प्यो माज्जोरे' म्हणजे 'महामंदिर' म्हणून ओळखले जाते. परंतु सनातनी यहुदी हा शब्द टाळतात. त्यांना तो येरुशलेमच्या आठवणीवर अतिक्रमण वाटतो.

म्हणजे मराठी बातमीदाराने 'ज्यू मंदिर' लिहिले तर तो अपराध ठरत नाही. पण त्यामुळे एक मोठा भेद पुसला जातो. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलाला, येशूने विक्रेत्यांना हाकलले ते मंदिर आणि येशूने यशया वाचला ते सभास्थान या दोन वेगळ्या वास्तू आहेत, हे कळायला हवे. अन्यथा शुभवर्तमानच धूसर होते.

आपल्या मातीतील नावे : मशीद आणि लाल देऊळ

आता घरी येऊ या. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला बेने इस्राएल समाज मराठीच बोलत आला. अलिबागजवळच्या नवगाव येथे आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, असे हा समाज सांगतो. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावाचे नाव घेऊन त्याला 'कर' जोडण्याची कोकणी रीत त्यांनीही पाळली. दिवेआगरचे ते दिवेकर.

याच समाजातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात पहिले सभास्थान बांधले. इंग्रजांच्या सैन्यात असताना टिपू सुलतानाच्या कैदेत पडल्यावर, सुटका झाल्यास प्रार्थनागृह बांधीन, असा नवस त्यांनी केल्याची परंपरा आहे. त्या सभास्थानाचे नाव 'शाआर हाराहामीम', म्हणजे दयेचे द्वार. परंतु बेने इस्राएल लोक आणि आजूबाजूचे मुंबईकर त्याला म्हणू लागले 'जुनी मशीद'. मध्य रेल्वेच्या 'मशीद' स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मराठी बेने इस्राएलांना आपल्या प्रार्थनागृहाला 'मशीद' म्हणण्यात काही गैर वाटले नाही. जेथे मूर्ती नाही आणि एका देवाची प्रार्थना होते अशा घरासाठी कोकणच्या बोलीत जो शब्द होता तो त्यांनी घेतला.

पुण्याची गोष्ट निराळी. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी तेथे १८६० च्या दशकात 'ओहेल डेव्हिड' हे लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे सभास्थान बांधले. दुरून पाहणाऱ्याला ते एखादे चर्चच वाटावे. पुणेकरांनी त्याला नाव दिले 'लाल देऊळ'. वसईकडील आपले कितीतरी वडीलधारे चर्चला 'देऊळ' म्हणत आले आहेत, त्यामुळे हे नाव आपल्या कानाला वेगळे वाटू नये. केरळातही असेच आहे. तेथे 'पळ्ळी' हा एकच शब्द ख्रिस्ती चर्च, मशीद आणि यहुदी सभास्थान या तिन्हींना चालतो. कोचीचे १५६८ सालचे परदेशी सभास्थान लोकांच्या तोंडी 'जूतपळ्ळी' आहे. अरबी भाषेत सभास्थान 'कनीस' आणि चर्च 'कनीसा' : दोन सख्खे शब्द.

यातून काय बोध घ्यावा? विद्वानांचा शब्द अचूक असतो, शेजाऱ्याचा शब्द आपलेपणाचा असतो. 'लाल देऊळ' म्हणणाऱ्या पुणेकराला 'बेत क्नेसेत' आणि 'बेत हामिकदाश' यांतील भेद ठाऊक नव्हता. पण ही देवाची जागा आहे, येथे आवाज खाली ठेवावा, एवढे त्याला ठाऊक होते. चुकीच्या शब्दातही आदर असू शकतो, आणि अचूक शब्दातही द्वेष. या दुसऱ्या गोष्टीविषयी आपल्याला अधिक खोलात जाऊन बोलावे लागेल, कारण तो इतिहास आपला आहे.

आपल्या शब्दांचा हिशेब

मध्ययुगातील युरोपच्या महामंदिरांवर दोन स्त्रियांच्या मूर्ती कोरल्या जात. एकीचे नाव 'एक्लेसिया' : मस्तकी मुकुट, ताठ मान. दुसरीचे 'सिनागोगा' : डोळ्यांवर पट्टी, हातात मोडलेला दंड, खाली झुकलेले मस्तक. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या महामंदिरावरील, १२३० च्या सुमारास घडविलेली ही जोडी कलेच्या दृष्टीने अप्रतिम आहे. परंतु तिने शतकानुशतके भाविकांना एकच पाठ दिला, की सभास्थान म्हणजे आंधळेपणा. ज्या शब्दाने येशूच्या बालपणाची शाळा सूचित व्हायची तो शब्द पराभवाचे चिन्ह बनला. स्पेनमधील तोलेदो येथे बाराव्या शतकातील एक सभास्थान पुढे चर्च करण्यात आले. आज ते संग्रहालय असूनही पवित्र मरियेच्या नावानेच ओळखले जाते. गोव्यात १५६० साली धर्मन्यायासन स्थापन झाल्यावर सभास्थान उभारण्याचा प्रश्नच उरला नाही. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता हे छुपे यहुदी होते असा ठपका ठेवून, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. या गोष्टी लपविण्यात सत्याची सेवा नाही.

ख्रिस्तसभेने हा हिशेब मांडला, आणि तो मांडताना शब्दांपासूनच सुरुवात केली, हे विशेष. गुड फ्रायडेच्या विश्वप्रार्थनांमध्ये यहुदींसाठी वापरले जाणारे 'अविश्वासू' अशा अर्थाचे लॅटिन विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र २,२२१ विरुद्ध ८८ अशा मतांनी संमत केले. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुदींवर वा आजच्या यहुदींवर लादता येणार नाही, आणि यहुदींचा द्वेष कोणत्याही काळी, कोणाकडूनही झाला तरी तो निंद्य आहे, असे त्यात स्पष्ट सांगितले गेले. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या सभास्थानात गेले आणि त्यांनी यहुदींना 'थोरले बंधू' म्हटले. व्हॅटिकनपासून ते सभास्थान पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तरी एवढ्या वाटचालीला इतकी शतके लागली. पोप सोळावे बेनेडिक्ट २०१० मध्ये आणि पोप फ्रान्सिस २०१६ मध्ये त्याच दारातून आत गेले.

पोप बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीतील आणखी एक शब्दनिर्णय आपल्याशी निगडित आहे. देवाचे जे चार अक्षरी नाम यहुदी बांधव आदरापोटी उच्चारत नाहीत, ते आपल्या उपासनेत व गीतांतही उच्चारू नये, असे उपासनाविषयक रोमन खात्याने २००८ साली जगभरच्या बिशपांना कळविले. सभास्थानात त्याच्या जागी 'अदोनाय', म्हणजे 'प्रभू' म्हणतात. आपण 'प्रभू' म्हणतो तेव्हा तो आदर आपणही पाळतो.

२०१५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे, सेंट जोसेफ्स या येशूसंघीय विद्यापीठात, सिनागोगा आणि एक्लेसिया यांचे नवे शिल्प उभारण्यात आले. आता दोघीही मुकुटधारी आहेत, शेजारी शेजारी बसल्या आहेत; एकीच्या हाती गुंडाळी, दुसरीच्या हाती ग्रंथ, आणि दोघी एकमेकींचे वाचीत आहेत. पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्या शिल्पाला आशीर्वाद दिला. तीच दोन नावे, तोच कलाप्रकार. बदलले आहे ते पाहणाऱ्याचे हृदय. डोळ्यांवरची पट्टी कोणाच्या होती, हा प्रश्न आता आपणच आपल्याला विचारायचा आहे.

एक 'क्नेसेत' आणि दुसरे

यापुढील विचार नाजूक आहे. परंतु तो टाळला तर हे लेखन अपुरे राहील. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये केलेल्या हत्याकांडानंतर गाझामध्ये जो संहार झाला, त्याने जगाचे अंतःकरण पिळवटून निघाले. १७ जुलै २०२५ रोजी गाझातील एकमेव कॅथलिक चर्च, पवित्र कुटुंब चर्च, इस्राएली तोफगोळ्याच्या तडाख्यात सापडले. तिघांचा मृत्यू झाला आणि तेथील धर्मगुरू जखमी झाले. त्या धर्मग्रामाला पोप फ्रान्सिस युद्धकाळात जवळजवळ रोज रात्री दूरध्वनी करीत असत. त्या दुःखाविषयी बोलणे हे आपले कर्तव्य आहे. त्याला कोणी यहुदीद्वेष म्हणू नये.

परंतु येथेच शब्दांचा विवेक हवा. हिब्रूमध्ये 'क्नेसेत' म्हणजे सभा. प्रार्थनागृह 'बेत क्नेसेत', आणि इस्राएल देशाची संसदही 'क्नेसेत'. आपल्याकडे लोकसभा आणि ख्रिस्तसभा यांत 'सभा' समान आहे, तसेच हे. लोकसभेच्या निर्णयाबद्दल धर्मग्रामाच्या दाराशी जाब विचारणारा माणूस आपल्याला न्यायी वाटेल काय? मग एका देशाच्या संसदेचा वा सैन्याचा राग मँचेस्टरच्या वा मेलबर्नच्या सभास्थानावर काढणे हा कोणता न्याय? एका क्नेसेतमध्ये कायदे होतात, दुसऱ्यात प्रार्थना. या दोहोंची गल्लत करणारा माणूस गाझातील एकाही बालकाचे अश्रू पुसत नाही; तो केवळ आणखी एका घरात अश्रू आणतो. आणि कोणा परदेशी ख्रिस्ती राष्ट्राच्या कृत्याबद्दल आपल्या चर्चवर दगड पडले, की हीच गल्लत किती घातक असते, हे भारतातील आपणा अल्पसंख्याकांना वेगळे सांगायला नको.

मुंबईने हे दुःख भोगले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवाद्यांनी कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये शिरून रब्बी, त्यांची पत्नी आणि इतर यहुदी पाहुण्यांना ठार केले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला तेथील भारतीय आयाने जिवावर उदार होऊन बाहेर आणले. नरिमन हाऊस ही काय वास्तू होती? प्रार्थना, धर्मशिक्षण, आणि प्रवासी यहुदींना त्यांच्या नियमांप्रमाणे जेवण व आसरा. थेओदोतसने दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरले होते, तेच हे.

आपण काय करावे?

भारतात यहुदी बांधव आज अवघे काही हजार उरले आहेत. १९४८ नंतर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे काही घरांतून आजही मराठी ऐकू येते. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. संख्येने इतक्या लहान शेजाऱ्याविषयी समाजाला जे कळते ते बहुधा इतरांच्या तोंडून कळते, आणि त्यांत आपण आहोत. म्हणून काही साध्या सूचना.

पहिली गोष्ट, लेखनात आणि प्रवचनात 'सभास्थान' हा आपला जुना शब्द वापरावा. आवश्यक तेथे 'सिनेगॉग'. 'मंदिर' येरुशलेमच्या मंदिरासाठी राखून ठेवावे. 'यहुदींचे चर्च' असे म्हणू नये. चर्च हे नाव ख्रिस्ती आहे. बेने इस्राएल कुटुंबाशी बोलताना ते स्वतः जो शब्द वापरतील तोच आपणही वापरावा.

दुसरी गोष्ट, पवित्र आठवड्यात दुःखसहनाचे वर्णन वाचले जाते तेव्हा 'यहुदी' हा शब्द पुनःपुन्हा येतो. संत योहान अनेकदा तो तत्कालीन अधिकाऱ्यांच्या अर्थी योजतो. येशू, मरिया, पेत्र आणि स्वतः योहान हेही यहुदीच होते, हे प्रवचनकाराने एका वाक्यात सांगावे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

तिसरी गोष्ट, 'परूशी' हा शब्द ढोंगी माणसासाठी शिवी म्हणून वापरण्याची आपली सवय सोडावी. प्रस्तुत लेखकही त्यातून मुक्त नाही. कितीतरी प्रवचनांत तो शब्द सहज तोंडून गेला आहे. मंदिर पडल्यावर सभास्थानांच्या आधारे आपल्या लोकांचा विश्वास जगविण्यात परूशी परंपरेचा वाटा मोठा आहे. निकदेम परूशी होता, आणि संत पौल स्वतःला परूशी म्हणवितो.

चौथी गोष्ट, पनवेल, अलिबाग, ठाणे, भायखळा, पुणे : ही ठिकाणे आपल्यापासून दूर नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना, रीतसर परवानगी घेऊन, एकदा सभास्थान दाखवावे. येशू जेथे वाचायला शिकला असेल ते घर साधारण कसे असते, हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळेल.

देवाचे घर

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये, ९ तारखेच्या रात्री, जर्मनीत शेकडो सभास्थाने पेटविण्यात आली. बर्लिनच्या सेंट हेडविग महामंदिराचे धर्मगुरू बर्नहार्ड लिश्टेनबर्ग यांनी त्यानंतर आपल्या भाविकांसमोर उघडपणे सांगितले की बाहेर सभास्थान जळते आहे आणि तेही देवाचे घर आहे. त्या दिवसापासून ते रोजच्या सायंप्रार्थनेत छळ सोसणाऱ्या यहुदींसाठी प्रार्थना करीत राहिले. १९४१ मध्ये त्यांना अटक झाली. दोन वर्षांनी, डाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असताना, त्यांनी प्राण सोडला. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले.

त्या धर्मगुरूंनी नवा शब्द शोधून काढला नाही. त्यांनी जुनाच शब्द, आपण आपल्या चर्चसाठी वापरतो तो, जळत्या सभास्थानाला दिला. सत्ताधाऱ्यांना ते सहन झाले नाही, कारण ज्याला देवाचे घर म्हटले त्याला आग लावणारा कोण ठरतो, हे त्यांना पक्के कळले होते.

पनवेलच्या सभास्थानाचे नाव 'बेथ एल' आहे, म्हणजे देवाचे घर. ठाण्याच्या १८७९ सालच्या सभास्थानाचे नाव 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. ही दोन्ही नावे उत्पत्तीच्या पुस्तकातील एकाच प्रसंगातून येतात : उशाला धोंडा घेऊन निजलेला याकोब शिडीचे स्वप्न पाहून जागा होतो आणि त्या जागेला ही दोन नावे देतो. चर्चच्या प्रतिष्ठापनेच्या उपासनेत आपणही याच प्रसंगाचे स्मरण करतो, आणि जपमाळेनंतरच्या लितानीत 'स्वर्गाचे द्वार' म्हणून आपण नाझरेथच्या त्या यहुदी कन्येला हाक मारतो. ठाण्याच्या बाजारातून जाताना त्या पाटीवरील नाव पुढच्या वेळी जरूर वाचावे. ते आपल्या ओळखीचे आहे.

मँचेस्टरच्या भाविकांनी त्या सकाळी जे दार आतून रोखून धरले, त्याच्या बाहेरच्या बाजूलाही कोणी उभे राहायला हवे. ते काम शेजाऱ्यांचे आहे. त्याची सुरुवात योग्य नावाने होते. ती तेथेच थांबू नये, एवढी प्रार्थना.